वरातीच्या पैशावर शर्यतीची घोडी

त्या संध्याकाळी आम्ही दोघं नवरा-बायको घोडीच्या अंगावरची चमकी वेचत बसलो होतो.

अंबडकडच्या एका वरातीतून घोडी परत आली होती. आजकालची पोरं नवरदेवाच्या अंगावर डब्यातला फेस मारतात अन् वरून नळकांड्यातून चमकी उडवतात. नवरदेव घरी जाऊन अंघोळ करून घेतो, घोडीचं कोण करणार? म्हणून बायको मानेकडं बसली अन् मी शेपटाकडं. मला शेपूट येणार हे ठरलेलंच होतं. मानेचं काम तिनं कधी दुसऱ्याच्या हातात दिलं नाही.

"नुस्तं गोंजारून राह्यले तुम्ही," ती म्हणली. "चमकी हाय तशीच हाय."

"दिसत न्हाई मला."

"मंग चष्मा घाला."

"चष्म्यावर तू बसली ना मागच्या बाजारी."

"बसायच्या जागी कोन चष्मा ठिवतं?"

असं बराच वेळ चाललं. मंग ती म्हणली की जत्रा होईपर्यंत ही शेवटची वरात. पैशाच्या डब्यात आता पुरेसं जमलं. परवा शर्यतीची नावं घ्यायचं बंद होतंय, तर उद्या दाणापाणी झालं की तीर्थपुरीला जाऊ अन् आपल्या मालन घोडीचं नाव देऊन येऊ. मी हो म्हणलं. नंतर तिनं भाकरी खाल्ली, दुधाच्या पातेल्याशी आलेल्या मांजरीला चार शब्द सुनावले अन् झोपली. पहाटे उठली नाही.

त्याबद्दल याच्यापेक्षा जास्त लिहीत नाही. ती कशी होती ते लिहितो. कारण गावात आता जो तो द्वारकाबाई म्हणजे देवमाणूस म्हणून राह्यला, अन् ती तशी बिलकुल नव्हती.

देवमाणूस हळू बोलतो. हिचा आवाज आमच्या वट्ट्यावरून निघाला की पार चावडीपर्यंत जायचा. घोडीशी मात्र ती हळू बोलायची. कधी कधी मला वाटायचं, जरा आवाज अदलाबदल करावा हिनं. पण ते सांगायला गेलो असतो तर तेही चावडीपर्यंत ऐकू गेलं असतं.

तिचा बाप मंठ्याकडचा. त्याच्याकडं पूर्वी घोड्या असायच्या, बाजाराचा माल वाहायच्या अन् जत्रेत पळायच्या. त्यामुळं हिला एक खोड लागली होती. माणसाच्या तोंडाकडं ती बघायचीच नाही, पाय बघायची. कोण कसा चालतो त्यावरून तिचं सगळं ठरायचं. गावात मोठा पुढारी आला, हजार माणूस त्याचं भाषण ऐकून राह्यला, अन् ही माझ्या कानात म्हणती, ह्याचा मागचा डावा वढतोय. माणसाला मागचा डावा नसतो हे मी तिला किती वेळा सांगितलं. पोरासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा हिनं तिला चहाचा कप परत न्यायला लावला, तो परत आणायला लावला, पुन्हा न्यायला लावला. मुलीकडचे लोक म्हणले चहात काही पडलंय का? बाहेर येऊन ही म्हणली, पोरगी चांगली हाय, पाऊल सारखं टाकती. लग्न ठरलं. सून खरंच चांगली निघाली, पण त्यात पावलाचा संबंध किती ते मला सांगता येत नाही.

मला बघायला आली नव्हती, तेव्हा तशी पद्धत नव्हती. पण मी त्यांच्या अंगणातून चालत गेलो ते तिनं दाराआडून बघितलं होतं. पायानं बरा हाय, बाकीचं बघू, असं ती आईला म्हणली. ते बाकीचं ती शेवटपर्यंत बघतच होती.

घोडी आमच्या घरी आली ती म्हशीच्या पैशात. मंठ्याच्या बाजारात आम्ही म्हैस घ्यायला गेल्तो. मी तिला म्हणलं, तू इथं थांब, मी चहा घेऊन येतो. चहा घेऊन आलो तर हिच्या हातात दोर, अन् दोराच्या दुसऱ्या टोकाला एक पांढरं, हाडकुळं, मागच्या पायानं अधू असलेलं शिंगरू. मी इकडं तिकडं म्हैस शोधली.

"हे काय हाय?" मी म्हणलं.

"बघा ना, खुरात खडा हाय नुस्ता. मालकाला ते बी समजंना. लंगडी म्हणून स्वस्तात देऊन राह्यला."

"दूध कोन देनार?"

"दूध इकत घेऊ," ती म्हणली. "म्हशीकडं बघून कधी मन भरलंय का तुमचं?"

 मी कधी म्हशीकडं त्या नजरेनं बघितलंच नव्हतं. घरापर्यंत ती त्या शिंगराबरोबर चालत आली अन् मी एकटा एसटीत बसून आलो. खुरातला खडा दुसऱ्या दिवशी निघाला.

शिंगराचं नाव तिनं मालन ठेवलं. माझ्या बहिणीचं नाव मालन आहे. बहीण राखीला आली, अन् ही गोठ्यातून ओरडली, "मालनीची लीद कोन काढनार?" बहीण हातातली राखी तशीच धरून उभी राहिली. मंग मोठं रामायण झालं. द्वारका शांतपणे म्हणली, वन्सं, तुमची मान कशी ताठ, तशी हिची हाय, मी कौतुकानं ठिवलं. बहिणीला ते पटलं की नाही माहीत नाही, पण त्या दिवसापासून ती आमच्या घरी आली की मान जरा खाली घालून बसायची.

आता ती शर्यत काय असते ते सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. आमच्याकडच्या जत्रेत रेवाल चालीची शर्यत होते. त्यात घोडी पळायची नाही, चालायची. पण चालायची अशी की पळणाऱ्याला मागं टाकावं. पाठ हलली नाही पाहिजे. बाजूनं मोटारसायकलवर पंच असतात, ते नुसते पाय बघतात. चाल मोडून घोडीनं एकदा जरी उडी घेतली की बाद. म्हणजे ज्या शर्यतीत सगळे पंच पायच बघतात, ती शर्यत जणू हिच्यासाठीच निघाली होती.

घोडीवर बसायला शेजारचा शब्बीरभाई. तरुणपणी जालन्यात टांगा चालवायचा, आता गावात शिलाई मशीन चालवतो. अंगानं काडी, दाढीला मेंदी. हिला भाबी म्हणायचा अन् तिच्यापुढं चळाचळा कापायचा. ती त्याच्या हातात काठोकाठ भरलेला चहाचा कप द्यायची अन् म्हणायची, वढ्यापर्यंत जाऊन या. चहा सांडला तर दुसरा मिळत नव्हता. शब्बीरभाईला चहाचा भारी नाद. माझं स्पष्ट मत आहे की मालनची चाल त्या चहानं सुधारली. घोडी कमी शिकली, शब्बीरभाई जास्त शिकला.

पण घोडी शर्यतीला न्यायची म्हणजे खर्चा. टेम्पो, नाव द्यायचे पैसे, नाल, चणे, तीन रोज माळावर राहायचं. कापूस-सोयाबीनच्या पैशाला मी हात लावू देत नव्हतो, अन् तिनंही कधी मागितला नाही. घोडीचं घोडीनं कमवायचं, हा तिचा कायदा. तुपाचा एक जुना डबा होता, त्यात घोडीची कमाई जायची. त्याला सगळं गाव मालनचा डबा म्हणायचं. घरात मीठ संपलं तरी त्यातला रुपया निघत नव्हता. मिठासाठी मला वेगळे पैसे द्यावे लागत.

कमाई म्हणजे वराती. पांढरी घोडी, त्यात शांत. हिनं झूल घेतली, मोत्यांच्या झालरी घेतल्या, कलगी घेतली अन् लग्नाच्या सुपाऱ्या घ्यायला लागली. पण तिच्या अटी लग्नाच्या अटींपेक्षा जास्त. नवरदेवाला ती आधी गोल फिरून बघायची, बैलबाजारात बघतात तसं. एकदा घनसावंगीकडं एक नवरदेव निघाला तो माझ्या दोन अंगाचा. हिनं त्याला बघितलं अन् त्याच्या बापाला बाजूला घेतलं. वेशीपासून मारुतीपर्यंत नवरदेव पायी, मारुतीपासून मांडवापर्यंत घोडीवर. बाप चिडला. ती म्हणली मंग घोडी परत नेते, तुमचं पोरगं तुम्ही उचला. शेवटी ठरलं की रिकामी घोडी बरी दिसत नाही, म्हणून मारुतीपर्यंत नवरदेवाच्या आतेभावाला बसवू. तो वाळकी काडी. झालं असं की लोक घोडीवरच्या माणसालाच नवरदेव समजले. बायांनी वाटेत त्यालाच ओवाळलं. नवरीची म्हातारी आजी डोळ्यानं अधू, ती घराबाहेर आली, त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली अन् त्याच्या हातात अंगठी कोंबून म्हणली, बारीक हाय, पण आमची पोरगी खाऊ घालंल. खरा नवरदेव मागं छत्री धरून घाम पुसत चालला होता. अंगठी परत काढून घ्यायला जेवणाच्या पंगती उठेपर्यंत वेळ लागला. आतेभाऊ देत नव्हता.

दुसरी अट, नाच नाही. पैसा खरा नाचात आहे. घोडी ढोलावर नाचली, मागच्या पायावर उभी राहिली की लोक नोटा ओवाळतात. पण नाचाची सवय लागली की चाल मोडते, असं तिच्या बापानं तिला सांगितलं होतं. पोरं नोटा दाखवायची. ती म्हणायची, "नाच पाह्यजे तर नवरदेवाच्या मामाला सांगा, त्यो बघा पिऊन तयारच हाय." अन् ते खरंच असायचं.

तर अशी वरात करून करून डबा भरला, अन् मागच्या जत्रेला आम्ही पहिल्यांदा मालनला घेऊन गेलो.

त्या दिवशी मालन अशी चालली की मी सुद्धा उभा राहिलो. मी सहसा उभा राहत नाही, गुडघे दुखतात. पाठीवर शब्बीरभाई बसल्याजागी ठेवल्यासारखा. पंच मोटारसायकलवर मागं पडायला लागले. द्वारका माझ्या शेजारी, तिचे नुसते ओठ हलत होते. शेवटची रेघ तेवढी राहिली होती. रेघेच्या अलीकडं कमिटीचा मांडव होता. कमान, झेंडूच्या माळा, रंगीत कापड. तेवढ्यात कोणी पाहुणा पुढारी आला अन् त्याच्या स्वागताला बँड सुरू झाला.

मालन कमानीसमोर थांबली. बराबर थांबली. आडवी वळली, एक अंग मांडवाकडं केलं अन् नवरदेव उतरायची वाट बघत गप उभी राहिली.

शब्बीरभाईनं टाच मारली, मानेवर थोपटलं, कानात काय काय सांगितलं. घोडी हलेना. लाऊडस्पीकरवाला म्हणला, नवरदेवानं खाली उतरून घ्यावं, मुहूर्त टळून राह्यला. सगळा माळ हसला. माणसं हसता हसता खाली बसली. त्या पुढाऱ्याला काय समजलं कोण जाणे, त्यानं स्वतःच्या गळ्यातला हार काढला अन् शब्बीरभाईच्या गळ्यात घातला. त्याचा फोटो शब्बीरभाईच्या घरी भिंतीवर आहे. मागून दुसऱ्या घोड्या आल्या अन् गेल्या.

मला वाटलं आता ही घोडीला मारती, नाहीतर शब्बीरभाईला. ती गर्दीतून वाट काढत गेली, कनवटीचा गुळाचा खडा काढला अन् मालनच्या तोंडात दिला. वरातीत नवरदेव उतरला की ती दर वेळी द्यायची, तसाच.

"तिनं तिचं काम बराबर केलं," ती मला म्हणली. "आपन तिला दोन कामं शिकवली. तिला काय ठावं, कोनतं कवा करायचं."

येताना मी अन् शब्बीरभाई टेम्पोत पुढं बसलो. ती मागं घोडीजवळ उभी राहून आली. तिला बसायला पोतं टाकलं होतं, पण बसली नाही.

आता घोळ असा झाला. पुढच्या जत्रेला जायचं तर पैसा पाहिजे. पैसा वरातीत. अन् जेवढ्या वराती कराव्या तेवढी घोडी मांडव बघून थांबायला शिकणार. मालनचं वय होत चाललं होतं, अजून एखादीच जत्रा तिच्या पायात होती. हे द्वारकाच म्हणायची. मी म्हणलं, सोड नाद, घोडीला आता आराम दे. तिनं तीन दिवस मला भाजीत मीठ घातलं नाही. म्हणजे तिनं बोलून नाही म्हणलं नाही, पण मला समजलं.

मंग तिनं बिनवरातीचा पैसा शोधायला सुरुवात केली. आधी लीद. आमच्याकडं मोसंबीच्या बागा आहेत. एका बागाईतदाराकडं ती घोडीच्या लिदीचं पोतं घेऊन गेली अन् म्हणली, ही साधी लीद न्हाई, रेवाल घोडीची हाय, हिच्यानं झाडं एकसारखी वाढतात, एक उंच एक बुटकं असं होत न्हाई. मी शेजारी उभा होतो. मला हसू दाबता येईना म्हणून मी मोसंबीच्या झाडाआड गेलो. त्या माणसानं पोती घेतली. पुढं तो मला बाजारात भेटला अन् म्हणला, बाबा, झाडं खरंच एका लेव्हलला आली. मी म्हणलं बरं झालं. त्यानं त्या साली छाटणी केली होती हे मला माहीत होतं, पण धंद्यात कशाला बोलावं.

मंग फोटो. लग्नाच्या आधी नवरा-नवरी शेतात येऊन फोटो काढतात ते नवीन निघालंय. जालन्याहून एक जोडी आली, बरोबर फोटोवाला. पांढरी घोडी, मावळता सूर्य, दोघांनी दोन बाजूनं धरून चालायचं. ना बँड ना मांडव, हिच्या मनासारखं काम. पण नवरी मुलगी लाकडासारखी उभी, फोटोवाला वैतागला. द्वारका त्या पोरीजवळ गेली. त्या मुलाच्या पायाकडं बोट करून म्हणली, "पोरी, ह्याचे पंजे बाहेर पडतात. चपला लौकर झिजतील, खर्चा धरून ठिव. बाकी मानूस सरळ हाय." ती पोरगी जी हसत सुटली ती अंधार पडेपर्यंत. सगळे फोटो हसरे आले. फोटोवाल्यानं मंग अजून जोड्या आणल्या अन् प्रत्येक वेळी म्हणायचा, आजी, जरा नवरदेवाचे पाय बघा ना.

इकडं सकाळची शाळा सुरू झाली. मालनला मांडवाची अन् बँडची सवय मोडायची होती. द्वारकानं डोकं असं लावलं की घोडी बँडसाठी थांबत नाही, गुळासाठी थांबते. तर गूळ पुढं न्यायचा. वढ्याकडं जाणाऱ्या पांदीच्या टोकाला ती ताट घेऊन उभी राहायची, ताटात गूळ. शब्बीरभाई गावाकडून घोडी आणायचा. अन् मध्ये लिंबाखाली मी, हातात पोराचा जुना मोबाईल, त्यावर मोठ्या आवाजात लग्नातला बँड. दिवस उगवायच्या वक्ताला. रानात जाणारे लोक थांबून विचारायचे, बाबा, कोनाचं लगीन हाय? मी म्हणायचो, माझं.

पहिले काही दिवस मालन बराबर माझ्यासमोर थांबायची. आडवी वळायची अन् माझ्याकडं बघायची, की आता उतरवून घे. मी काय उतरवून घेणार? एकदा तर शब्बीरभाईच सवयीनं खाली उतरला. पांदीच्या टोकावरून जे शब्द आले ते मी इथं लिहीत नाही, शब्बीरभाई अजून जिवंत आहे.

मंग एक दिवस मालननं बँड ऐकला, एक कान हलवला अन् चाल न मोडता माझ्यासमोरून निघून गेली. धूळ माझ्या तोंडावर. पार टोकाला जाऊन द्वारकापुढं थांबली. मी गुडघे धरत धरत तिथं गेलो. वाटलं ही आता काहीतरी बोलंल, मोठ्यानं तर नक्कीच.  ताटात गुळाचा एक खडा उरला होता, तो तिनं माझ्या हातावर ठेवला.

अंबडची ती शेवटची वरात तिनं घेतली कारण डबा थोडा उणा होता. पण अट घातली की नवरदेव चौकातच उतरवायचा, मांडवापर्यंत घोडी येणार नाही, अन् तिथं बँड बंद. नवरदेवाकडच्यांनी विचारलं, ही कसली पद्धत? ती म्हणली, आमच्या घोडीची.

मंग ती चमकीची संध्याकाळ. अन् मंग ती सकाळ.

पोरगा पुण्याहून दुपारी पोचला. बहीण मालन आली, पाहुणे आले. लाकडं, गाड्या, आलेल्या माणसांचा चहा, सगळं एकदम अंगावर पडलं. पोराच्या हातात एवढी रोकड नव्हती. बहिणीनं चुलीमागून तो डबा काढून आणला अन् माझ्यापुढं धरला.  मी काढ म्हणलं. पैसा द्वारकाचा होता अन् काम तिचंच होतं. संध्याकाळी बघितलं तर डबा घासून, पालथा घालून ठेवलेला.

बहीण माझ्याजवळ येऊन बसली अन् म्हणली, "दादा, घोडी इकून टाक. वैनी गेली, आता तिचं कोन करनार?" पोरगाही तेच म्हणला, जरा गोड शब्दात. शब्बीरभाई वट्ट्यावर बसला होता, त्यानं खाली मान घातली. गोठ्यात घोडी दिवसभर भुकी होती हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी उठून तिला चणे टाकले. ती खाऊन राह्यली होती, मी तिच्याजवळ उभा होतो. दुसऱ्या दिवशी नावं द्यायची मुदत संपणार होती अन् माझ्याकडं द्यायला काहीच नव्हतं.

सकाळी उजाडताच मी वरातीचा साज गोळा केला. झूल, झालरी, कलगी, पितळी घुंगरं, सगळं एका चादरीत बांधलं अन् शब्बीरभाईच्या स्कूटरवर मागं धरून बसलो. त्यानं विचारलं, "कहाँ, भाऊ?" मी म्हणलं तीर्थपुरी, गनपत बँडवाल्याकडं.

गनपत दात घासत दारात उभा होता. त्याला हा साज कधीपासून पाहिजे होता, पण द्वारका देत नव्हती. गाठोडं बघून त्याचं बोट तोंडातच राहिलं. मंग थुंकून म्हणला, बाबा, वाईट झालं, पण हे सुतकाच्या घरातलं सामान, लोकाच्या मंगल कार्याला कसं वापरावं, भाव जरा कमी धरावा लागंल.

"गनपत," मी म्हणलं, "सुतक मला लागलंय, झुलीला न्हाई. ती असती तर तू असं बोलला असता का?"

 गनपत आत जाऊन तोंड धुऊन आला अन् बराबर पैसे दिले. द्वारका मागायची त्याच्यापेक्षा कमी, पण त्याच्या नेहमीच्या भावापेक्षा जास्त. मंग विचारलं, की साज तर दिला, आता वरातीला घोडी कशी धाडणार?

"आता तिला एकच काम," मी म्हणलं.

तिथून पुढं चहाच्या टपरीवर जत्रेच्या कमिटीचा सेक्रेटरी बसला होता. मला बघून तो उठून उभा राहिला, हात जोडले. म्हणला, बाबा, तुम्ही कशाला आले, निरोप धाडला असता तरी नाव लिहून घेतलं असतं, पैसे मागाहून दिले तरी चालले असते. मी म्हणलं, चालले नसते. तुम्हाला चालले असते, तिला नसते चालले. नोटा टपरीच्या फळीवर ठेवल्या. त्यानं नाव लिहून घेतलं, मालन, पांढरी घोडी, रेवाल. मंग मला वरून खाली बघून विचारलं, "पळवायची हे नक्की ना?"

"पळवायची न्हाई," मी म्हणलं. "चालवायची."

येताना शब्बीरभाईनं वाटेत स्कूटर थांबवली. रस्त्याच्या कडेला तोंड फिरवून उभा राहिला, रुमालानं दाढी पुसली. मी बसूनच राहिलो. मंग तो आला अन् म्हणला, "भाऊ, घर पे क्या बोलना?"

"साज इकला म्हणून सांगू."

"और पैसे?"

"खर्च झाले."

त्यानं किक मारली. घरी आलो तर दारात बहीण उभी, कमरेवर हात. सुतकात कुठं गेला होता, हे ती विचारणार होती, अन् ते चावडीपर्यंत जाणार होतं. मी बादली उचलली.

"मालन, जरा सरक," मी म्हणलं. "घोडीला पानी दाखवायचंय."